जुन्या रायफलीचा नेम

शिकार हा विषय आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणारा नव्हे, हें जाणूनच लिहितों. परंतु जेथें हिंवाळ्याच्या बेगमीस हरणाचें मांस लागतें, तेथें नेम चुकणें ही केवळ फजिती नसते. पोटांत गोळी घेऊन पळालेलें जनावर बर्फांत तडफडत मरतें. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धरास अमरकोशांत ‘अपराद्धपृषत्क’ म्हटलें आहे. चुकणें आणि अपराध यांचा धातु एकच!

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या .३०३ ‘ली-एन्फील्ड’ रायफली कॅनडांतील शिकाऱ्यांनीं स्वस्तांत घेतल्या. त्यांतील कित्येक आतां नातवांच्या हातीं आहेत. अशी रायफल शंभर यार्डांवर वीतभर पसरट मारा करूं लागली, कीं नळी झिजली असें ठरवून तिला अडगळींत टाकतात. हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो. आधीं नळींतील तांब्याचा मळ काढावा, दस्त्याचे स्क्रू आवळावे. कधीं कधीं तेवढ्यानेंच भागतें. न भागल्यास दोष बहुधा रायफल व काडतूस यांच्या बेबनावांत असतो.

या बेबनावाचें मूळ खंदकांतील चिखलांत आहे. १९१५ सालीं ईप्रच्या लढाईंत कॅनडाच्या सैन्याजवळ ‘रॉस’ रायफली होत्या. त्यांचा नेम उत्तम, पण काडतुसाचें घर इतकें घट्ट, कीं चिखल लागलेलें किंवा किंचित् मोठें काडतूस आंत अडकून बसे, व शिपायास लाथ मारून रायफल उघडावी लागे. १९१६ पर्यंत रॉस जाऊन ली-एन्फील्ड आली. तिचें घर मुद्दामच ढिलें. कोणतेंही काडतूस कोणत्याही रायफलींत गेलें पाहिजे! युद्धांत हा गुण, शिकारींत हाच दोष.

उपाय असा, कीं काडतूस त्या एकाच रायफलीच्या मापाचें करावयाचें. स्वतःपुरतीं काडतुसें घरीं भरण्यास तेथें कायद्याची मोकळीक आहे. बार उडाला, कीं पितळेची पुंगळी फुगून घराचा हुबेहूब ठसा घेते. ती साच्यांत पुरती आवळली, तर पुढल्या बारास पुन्हां ताणली जाते, आणि अशा कांहीं खेपांत बुडाजवळ तुटते. जाणता शिकारी गोळी धरण्यापुरता तिचा गळा तेवढा आवळतो. मग काडतूस घरांत नीट बसतें. मात्र तें दुसऱ्या रायफलींत घालूं नये.

गोळीची जाडीही पाहावी लागते. तेल लावलेल्या नळींतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढतात व मापतात. खांचांसकट व्यास सुमारें .३१२ इंच असावा. युद्धाच्या घाईंत बनलेल्या कित्येक नळ्या.३१५ भरतात. पांच खांचांच्या नळींत खांचेसमोर खांच येत नाहीं, म्हणून साधा मापक येथें फसवतो. अशा नळीस निमुळत्या बुडाच्या गोळीपेक्षां सपाट बुडाची बरी. दाबानें तिचें बूड पसरून खांचा भरतें.

राहिली दारू. छापील कोष्टकांतील अल्प मापापासून आरंभ करून ती अंशाअंशानें वाढवितात, आणि प्रत्येक मापाचीं पांच काडतुसें कागदावर झाडून पाहतात. कोष्टकाची मर्यादा ओलांडणें म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशीं खेळणें होय. एका मापास पांचही भोकें जवळ येतात, आणि तें माप पुष्कळदां सर्वांत जोरकस नसतें. जोराच्या हौशी माणसास हें पटत नाहीं. हरणाच्या छातींतील मर्मस्थान सुमारें आठ इंचांचें. वीतभर पसरणारा मारा दोन-तीन इंचांत आला, कीं शोध थांबवून तीं काडतुसें, डबीवर रायफलीचा क्रमांक घालून, निराळीं ठेवतात.