शिवारातले पाहुणे, घरातले वडीलधारे

ग्रामीण भागातील वृद्ध रुग्ण तपासताना गुडघेदुखी, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या जोडीने आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘दिवस जात नाही.’ मुले पुण्या-मुंबईला, शेती बटाईने दिलेली आणि उभा जन्म शिवारात घालवलेल्या माणसाला आता काही विचारणारे कोणी नाही. या दुखण्यावर गोळी लिहून देता येत नाही. म्हणूनच कृषी पर्यटनाकडे केवळ जोडधंदा म्हणून न पाहता ज्येष्ठांच्या आरोग्याच्या अंगानेही पाहावे, असे मला वाटते.

महाराष्ट्रात 2005 पासून पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळच्या पळशीवाडीत या कल्पनेला संघटित रूप दिले. 2020 मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले. इटलीने तर 1985 मध्येच त्यासाठी कायदा केला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा आणि पाहुणचार तिला पूरक असावा, हे त्याचे सूत्र. शेत पडीक ठेवून खोल्या बांधल्या, तर पाहुण्याने पाहावे तरी काय?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, लोणार, सिंदखेडराजा येथे ज्येष्ठ मंडळी मोठ्या संख्येने येतात. त्यांतील काहींनी एखादा मुक्काम मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावी का करू नये? डोंगराच्या पायथ्याचे हे गाव. येथे 1582 मध्ये खुदावंत खानाने बांधलेली मशीद आहे आणि परिसरात कपाशी, सोयाबीन, तुरीची शेती. मात्र असा पाहुणचार टिकायचा, तर यजमान आणि पाहुणे या दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांची प्रकृती सांभाळली पाहिजे.

यजमान घराने जपावे असे

घरातील आजोबांकडे शिवार दाखवण्याचे काम सोपवावे. बियाणे कसे निवडावे, आभाळ कसे ओळखावे, हे त्यांच्याइतके रंगवून कोण सांगेल? सांगताना स्मरणाला चालना मिळते, चार पावले चालणे होते आणि आपण अजून उपयोगी आहोत ही भावना परत येते. परंतु सकाळी तास-दीड तास पुरे. दुपारची विश्रांती, जेवणाची आणि औषधांची वेळ पाहुण्यांसाठी मोडू नये.

दुसरी काळजी घरातील स्त्रियांची. पाहुण्यांचा स्वयंपाक आणि आजारी सासूची शुश्रूषा एकाच सुनेच्या अंगावर पडली, तर घरात आलेला पैसा दवाखान्यात जाईल. मदतनीस ठेवता येत असेल तेवढेच पाहुणे घ्यावेत. आरंभी दोन खोल्या आणि महिन्यातले मोजके दिवस उत्तम.

पाहुण्यांनी पाहावे असे

घाटाखालचा उन्हाळा वृद्धांना सोसत नाही. दिवाळीनंतर थंडी ओसरेपर्यंतचा काळ निवडावा. खोली ठरवताना कमोड, भिंतीला आधाराचा दांडा, रात्रीचा दिवा आणि उकळलेले पाणी यांची चौकशी आधी करावी. अनोळखी घरात रात्री शौचास उठताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा म्हातारपणातील मोठा धोका आहे.

हुरड्याचे आमंत्रण कोणाला नकोसे होईल? मधुमेहींनीही तो खावा. परंतु हुरडा म्हणजे ज्वारीच, हे ध्यानात ठेवून जेवणातली भाकरी तेवढी कमी करावी. गूळ आणि उसाचा रस टाळावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी शेतात फिरताना खाण्याची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी.

फवारणीच्या दिवसांत पाहुण्यांना शेतात नेऊच नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले, याचा विसर पडू देऊ नये. अंधारात बॅटरी आणि पायांत बूट असावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो भाग स्थिर ठेवून, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय तातडीने गाठावे. त्या रुग्णालयाचे नाव व अंतर यजमानाने आधीच फलकावर लिहून ठेवावे.

पाहुणे निघून गेल्यावर घरातल्या आजोबांना एकदा विचारावे : थकलात, की बरे वाटले? पुढचे पाहुणे कधी आणि किती घ्यायचे, हे त्या उत्तरावरून ठरवावे.