पाणी

'पाणी' हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. तहानेलेल्याला पाणी द्यावे, रोपाला पाणी घालावे, विहिरीचे पाणी शेंदावे. येथे त्याचा अर्थ कोणासही सहज कळतो. परंतु हा शब्द केवळ घागरीत राहणारा नव्हे.

नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे ठिकठिकाणचे घोडे विक्रीस येतात. अशा बाजारात एखादा उमदा घोडा पाहून जाणता मनुष्य म्हणतो, "जनावर मोठे पाणीदार आहे!" या पाण्याने तहान भागत नाही. येथे पाणी म्हणजे अंगातील तेज व चपळाई होय.

हा अर्थ कसा आला असेल? जवाहिऱ्याला विचारले, तर तो मोत्याचेही पाणी पाहतो. स्वच्छ पाण्यावर चमकावी तशी मोत्यावर जी झळाळी दिसते, तिला तो 'पाणी' म्हणतो. लोहाराचे पाणी आणखी निराळे. तो पोलादाचे पाते लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवतो. त्यामुळे पाते कठीण होते व त्याची धार टिकते. या क्रियेला 'पाणी देणे' असे नाव आहे. मोत्याचे तेज आणि पात्याची धार हे गुण मनुष्यात दिसले, म्हणजे तोही पाणीदार ठरतो. रणांगणावर वीर आपले 'पाणी दाखवतो', ते हेच.

कधी एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. शेतकरी पिकाला पाणी सोडतो, तेव्हा पीक तरारते. पण भाऊ आपल्या हक्कावर पाणी सोडतो, तेव्हा तो हक्क कायमचा जातो. दान देताना हातावर पाणी सोडण्याची जुनी रीत आहे. पाणी सोडले की त्या वस्तूवर दात्याची मालकी उरत नाही.

उधळपट्टी करणारा पैसा 'पाण्यासारखा' खर्च करतो, असेही आपण म्हणतो. पाणी विपुल आहे, असे या बोलण्यात गृहीत धरलेले असते. परंतु २०१६ साली लातूर शहरास पाणी पुरवणारे मांजरा नदीवरील धरण आटले. मार्च महिन्यात पाणवठ्यांजवळ जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी लातुरात पोहोचली. तिच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे अशा अनेक गाड्या आल्या आणि टाक्यांची संख्या ५० पर्यंत गेली.

त्या उन्हाळ्यात लातूरच्या घराघरांत हंडे मोजून पाणी वापरले गेले. तेथे तो वाक्प्रचार उलटा झाला. लोक पैसा पाण्यासारखा नव्हे, तर पाणी पैशासारखे जपून खर्च करू लागले.