नव्या लाकडी घरातली जमीन का करकरते?

अमेरिकेत हौसेने घेतलेल्या नव्याकोऱ्या घराची जमीन वर्षभरातच करकरायला लागली, की मनात शंका येते. जन्मभर काँक्रीटच्या स्लॅबवर वावरलेल्या आपल्या माणसांना तर वाटतं, घर कच्चं निघालं. भारतातून राहायला आलेले आई-बाबा रात्री उठताना पाऊल जपून टाकू लागतात. म्हणून धीराची गोष्ट आधी सांगायला हवी: नुसती करकर म्हणजे घराला धोका नव्हे. दोन वस्तूंमध्ये फट पडली आहे आणि पाय पडला की त्या एकमेकींवर घासतात, एवढाच त्याचा अर्थ. ती फट नेमकी कुठे आहे ते कळलं, की निम्मं काम झालं.

वाड्याची माडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या घराची घडण लगेच समजेल. माडीखाली कड्या आणि कड्यांवर पाट असत. इथे कड्यांच्या जागी जॉइस्ट असतात, बहुधा 16 इंचांच्या अंतराने. पाटांच्या जागी ओएसबी किंवा प्लायवुडचे 4 बाय 8 फुटी तक्ते, साधारण पाऊण इंच जाडीचे. हा झाला सबफ्लोअर. त्यावर कार्पेट, हार्डवुड किंवा लॅमिनेट. सबफ्लोअर जॉइस्टवर गोंदाने चिकटवून वरून खिळे मारतात. तक्त्याच्या कडेला दर 6 इंचांवर आणि मधल्या जॉइस्टवर दर 12 इंचांवर खिळा, अशी नेहमीची रीत आहे.

मग नव्या घरातच आवाज का? कारण लाकूड अजून वाळत असतं. बांधकामाच्या लाकडात 19 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घर बंद होऊन हीटिंग सुरू झालं, की तो 10 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. ओलावा 4 टक्क्यांनी घटला की लाकूड रुंदीत साधारण 1 टक्का आकसतं. सव्वानऊ इंच उंचीचा भरीव जॉइस्ट या हिशेबाने जवळजवळ पाव इंच बसतो. खिळा मात्र आकसत नाही. जॉइस्ट खाली जातो, सबफ्लोअर शेजारच्या आधारांवर तोलून राहतो आणि मध्ये फट पडते. पाय पडला की तक्ता खिळ्यावरून खाली-वर सरकतो. हाच तो आवाज.

कारखान्यात बनवलेले आय-जॉइस्ट असे फारसे आकसत नाहीत. तिथे दोष बहुतेक वेळा जोडणीत सापडतो. गोंद कमी पडलेला असतो किंवा तक्ता ठेवण्याआधीच सुकलेला असतो. खिळा जॉइस्ट चुकवून त्याच्या बाजूने खाली उतरलेला असतो आणि लाकडाला घासत राहतो. तक्त्यांमध्ये फुगायला इंचाचा आठवा हिस्सा जागा सोडायची असते. ती सोडली नसेल तर कडा कडांना घासतात. जॉइस्ट ज्या लोखंडी हँगरमध्ये बसतो, तिथेही आवाज होतो.

आवाजाची जागा शोधायला दोन माणसं हवीत. एकाने वर सावकाश चालायचं, दुसऱ्याने बेसमेंटमध्ये टॉर्च घेऊन उभं राहायचं. करकर झाली की खालच्याने जॉइस्ट आणि सबफ्लोअर यांच्या सांध्यावर बोटं टेकवावीत. हालचाल हाताला लागते. वर चिकटपट्टीने आणि खाली खडूने खूण करावी. सगळ्या खुणा होईपर्यंत एकही स्क्रू मारू नये.

खालून हात पोचत असेल तर काम सोपं आहे. फट बारीक असेल तर लाकडाच्या पातळ पाचरीला गोंद लावून ती हाताने सरकवावी, अडली की थांबावं. हातोडीने ठोकली तर सबफ्लोअर आणखी उचलला जातो आणि शेजारी नवी करकर सुरू होते. फट लांबवर असेल तर जॉइस्टला लागून 2 बाय 4 चा तुकडा सबफ्लोअरला घट्ट भिडवावा आणि जॉइस्टला गोंद व स्क्रूने जोडावा. जॉइस्ट चुकवून उतरलेला खिळा दिसला, तर तो कापून टाकावा. आय-जॉइस्टच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला खाच पाडू नये. जॉइस्टची ताकद मुख्यतः त्या पट्ट्यांवर असते.

वर हार्डवुड असेल आणि त्याचीच फळी सबफ्लोअरपासून सुटली असेल, तर खालून स्क्रू मारून ती ओढून घेता येते. पाऊण इंच सबफ्लोअर आणि पाऊण इंच फळी मिळून दीड इंच होतात. तिथे सव्वा इंचाचा स्क्रू पुरे. सबफ्लोअरमध्ये आधी मोठं छिद्र पाडावं, म्हणजे स्क्रू त्यात सैल फिरतो आणि फळी खाली खेचली जाते.

वरच्या मजल्याखाली ड्रायवॉलचं छत असतं, म्हणून तिथे काम वरूनच करावं लागतं. कार्पेटमधून मारायचे खास स्क्रू मिळतात. ते जॉइस्टमध्ये बसले की त्यांचा माथा आधीच पाडलेल्या खाचेवर मोडतो आणि कार्पेटवर खूण राहत नाही. त्याआधी जॉइस्ट कुठे आहे आणि जवळून पाण्याचा पाइप किंवा वायर जाते का, याची खात्री करून घ्यावी. क्लिक करून बसवलेल्या लॅमिनेटला मात्र स्क्रू कधीही मारू नये. ती जमीन मोकळी राहण्यासाठीच बनवलेली असते. एका जागी जखडली तर दुसरीकडे फुगते. तिथे दोष बहुधा खालच्या उंचसखलपणात असतो.

हार्डवुड फक्त थंडीत करकरत असेल आणि उन्हाळ्यात शांत होत असेल, तर कारण कोरडी हवा आहे. ह्युमिडिफायरने घरातली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत ठेवावी आणि एक हिवाळा थांबून पाहावं. फळ्यांच्या सांध्यात टाल्कम पावडर भरली तरी घासणं कमी होतं.

काही लक्षणं मात्र वेगळी आहेत. जमीन एका बाजूला उतरली, दारं अडकू लागली, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली किंवा प्लंबरने पाइपसाठी कापलेला जॉइस्ट दिसला, तर घरगुती उपाय करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आणि या सगळ्याआधी वॉरंटीचे कागद काढा. अमेरिकेत नव्या घराची वॉरंटी बहुधा कारागिरीला 1 वर्ष, प्लंबिंग-वायरिंगला 2 वर्षं आणि मुख्य सांगाड्याला 10 वर्षं अशी असते. करकर बहुधा कारागिरीच्या 1 वर्षाच्या वॉरंटीतच येते. तेव्हा अकराव्या महिन्यात घरभर फिरून यादी करा, आवाजाचे व्हिडिओ घ्या आणि बिल्डरला लेखी कळवा. तोंडी सांगणं पुरेसं नाही. आपण स्वतः आधी स्क्रू मारले, तर जबाबदारीचा वाद उभा राहू शकतो.

ज्यांचं घर अजून बांधून होतंय, त्यांनी ड्रायवॉल लागण्याआधी एकदा खालून वर पाहावं. चुकलेले खिळे आणि गोंद नसलेले जॉइस्ट तेव्हा उघडे दिसतात. कार्पेट पडण्यापूर्वी सबफ्लोअरवर चालून बघण्याची परवानगी मागा आणि जिथे आवाज येईल तिथे स्क्रू मारून घ्या. त्या वेळी हे काही मिनिटांचं काम असतं. पुढे त्याच जागेसाठी कार्पेट उचलावं किंवा छत फोडावं लागू शकतं.