सेविकेचा दिवस कुठे नोंदला गेला?

ऑक्टोबर लागला की खानदेशात कापसाची वेचणी सुरू होते. चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात मग दिवसा घरी सापडतात ती म्हातारी माणसं आणि लेकरं. गरोदर बाई असो की तान्ह्या बाळाची आई, पोटासाठी ती शेतात असते. अंगणवाडी सेविकेला तिची गृहभेट घ्यायची तर दिवेलागणीनंतरच जावं लागतं, आणि ती जाते. पण कामाच्या वेळापत्रकात गृहभेटीची जागा असते केंद्र सुटल्यानंतरची, दुपारची. संध्याकाळचे ते दोन तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. अंगणवाडीच्या पन्नास वर्षांत धान्याचा हिशोब ग्रॅमपर्यंत लागला, बाळाचं वजन महिन्याच्या महिन्याला आलेखावर चढलं. हे सगळं करणाऱ्या बाईचा वेळ मात्र नीट मोजला गेला नाही, आणि त्याची किंमत तिने मोजली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात झाली ती मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईच्या धारावीत. पुढे ती गावोगाव पोहोचली आणि सेविकेच्या लोखंडी कपाटात रजिस्टरं साचत गेली. कुटुंब सर्वेक्षण, आहाराचा साठा, हजेरी, लसीकरण, वजन, गृहभेटी, दैनंदिनी. स्वतःच्या वेळेबद्दल तिने लिहायचं ते जवळजवळ एवढंच, की आज केंद्र उघडलं. सरकारच्या लेखी ती मानधनावरची स्वयंसेविका. तिचे तास मोजायची गरज कुणालाच वाटली नाही. 2005 नंतर आशा आरोग्य कार्यकर्त्या आल्या. त्यांच्याबाबतीत तर गृहीतकच छापून आलं: दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून चारेक दिवस. सातपुड्यातल्या पाड्यावरून रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या आशेसमोर हा आकडा वाचून दाखवायची हिंमत कुणाला होईल, असं मला वाटत नाही.

8 मार्च 2018 ला पोषण अभियान सुरू झालं आणि सेविकेच्या हातात स्मार्टफोन आला. त्यातलं कॅस हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या डिमागी कंपनीच्या कॉमकेअरवर उभं होतं. कॉमकेअरमध्ये प्रत्येक फॉर्म उघडल्याची आणि पूर्ण केल्याची वेळ आपोआप साठते. म्हणजे सेविकेच्या कामाला पहिल्यांदाच घड्याळ लागलं. पण ते घड्याळ मोजत होतं फॉर्म भरण्याची वेळ. पाड्यापर्यंतची पायपीट त्यात नाही. साक्रीच्या पश्चिम भागातलं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं आणि दाराला कुलूप, तर त्या फेरीची भेट म्हणून नोंदच नाही. सासू ऐकून घेत नाही म्हणून अंगणात तासभर बसून घातलेली समजूतही त्यात नाही. लेकराला मांडीवर घेऊन बोलणाऱ्या आईपुढे फोनवर टिचक्या मारत बसणं कुणालाही प्रशस्त वाटत नाही, म्हणून फॉर्म रात्री घरी बसून एकदम भरायचे. पडद्यावर मग दहा भेटी रात्री नवाच्या सुमाराला ओळीने उरकलेल्या दिसतात. वर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यात खोटेपणा दिसतो. खरं तर त्या बाईच्या दिवसातला सगळ्यात खरा भाग त्यातून गळालेला असतो.

1 मार्च 2021 पासून कॅसची जागा पोषण ट्रॅकर या अ‍ॅपने घेतली. दोन जीबी रॅमच्या फोनवर ते धड चालेना, शिवाय ते इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी 2023 मध्ये सेविकांचा संप झाला, आणि 4 डिसेंबर 2023 पासून दुसरा, जो 52 दिवस चालला.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 25 एप्रिल 2022 ही तारीख. गुजरातमधल्या दाहोदच्या मणिबेन भरिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी अंगणवाडी सेविका-मदतनिसांना 1972 चा उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निकाल दिला. हे काम अर्धवेळ आहे हा सरकारी पक्षाचा दावा न्यायालयाने मानला नाही. त्यासाठी न्यायालयाने पाहिली ती कर्तव्यांची यादी. ती एवढी लांब होती, की अर्ध्या दिवसात ती उरकते असं म्हणणंच अवघड होतं. तासांची खरी नोंद आधीपासून असती, तर म्हाताऱ्या होऊन घरी बसलेल्या बायकांना ग्रॅच्युइटीसाठी एवढं थांबावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. वेळेच्या नोंदीचा विषय निघाला की सेविकांच्या संघटना सावध होतात. तो सावधपणा मला समजतो, कारण आजवर नोंद आली ती नजर ठेवायला. पण खरी नोंद ही सेविकेचाच पुरावा आहे.

सेविकेच्या या न मोजलेल्या दिवसात बाहेरची कामं मिळवा. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं घरोघर सर्वेक्षण. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज, दर अर्जामागे 50 रुपये. काही ठिकाणी मतदार यादीचं काम. अर्ज मोजले गेले; त्या दिवसांत कुपोषित मुलांच्या घरच्या किती भेटी हुकल्या, ते कुणी मोजलं?

मग हा वेळ मोजायचा कसा? अमेरिकेत समाजसेवा खात्यांना केंद्राचा निधी मिळतो तो कर्मचाऱ्यांचा वेळ कोणत्या योजनेवर किती गेला यावर. तिथे कर्मचाऱ्याला अवचित विचारतात, या क्षणी तुम्ही काय करताय? अशा हजारो उत्तरांतून वेळेची वाटणी काढतात. आपल्याकडेही साधन तयार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 आणि 2024 मध्ये वेळ-वापर सर्वेक्षण केलं. त्यात आदल्या दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात, पहाटे चारपासून. धुळे आणि जळगावच्या सेविकांना हीच विचारणा वर्षातून तीन हंगामांत करता येईल: वेचणीत, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, आणि पाडे तुटतात त्या पावसाळ्यात. मात्र विचारणारा प्रकल्प कार्यालयाचा नसावा आणि उत्तराचा मानधनकपातीशी काडीचाही संबंध नसावा. चालण्याला आणि बंद दाराला स्वतंत्र रकाना हवा, आणि संध्याकाळची भेट संध्याकाळचीच लिहिता यायला हवी.

1 जुलै 2025 पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा अ‍ॅपवर जुळवणं सक्तीचं झालं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क शोधत आईला उजेडाकडे तोंड करून उभं करायचं, चेहरा जुळला नाही तर पुन्हा फोन धरायचा, तोवर रांगेतली पुढची बाई मजुरी बुडते म्हणून निघून जाते. पाकीट कुणाला गेलं याचा पुरावा आता पक्का आहे. त्यामागे गेलेला सेविकेचा वेळ अजूनही कुठल्याच रकान्यात नाही.