'कनेक्ट होत नाही' म्हणजे नेमकं काय होत नाही?

पैसे पाठवायला बटण दाबलं आणि गोल चक्र फिरतच राहिलं. व्हिडिओ कॉल लावला, तर आजीच्या चेहऱ्याऐवजी 'कनेक्टिंग' एवढंच दिसतंय. अशा वेळी तुम्ही काय करता? आमच्या घरी क्रम ठरलेला होता. आधी फोन हलवायचा, मग वायफायला नावं ठेवायची आणि शेवटी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचं.

स्क्रीनवर आलेला संदेश मात्र कोणीच वाचत नव्हतं. तो वाचायला मी शिकले एका संध्याकाळी, भिलाईच्या हुडकोमधल्या आमच्या घरात. आणि मी बीए इंग्लिश आहे बरं का, इंजिनिअर नाही!

आदल्या रात्रीची धावपळ

धाकट्या भावाला दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये प्रोजेक्ट दाखवायचा होता. दोन लॅपटॉप एकमेकांशी गप्पा मारतात, एवढंच काम. एक लॅपटॉप सर्व्हर, म्हणजे वाट पाहणारा आणि उत्तर देणारा. दुसरा क्लायंट, म्हणजे आपणहून विचारणारा. दुपारी सगळं छान चाललं. संध्याकाळी लाईट गेली, अर्ध्या तासाने आली आणि प्रोजेक्ट बंद.

"ताई, सर्व्हर चालू आहे, तरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय!" तो रडकुंडीला आला होता. एव्हाना त्याने निम्मा कोड खोडून पुन्हा लिहिला होता. मला कोड कळत नाही, पण इंग्रजी कळतं. मी म्हटलं, "अरे, रिफ्यूज्ड म्हणजे नकार. नकार द्यायला समोर कोणीतरी असावं लागतं ना? मग हा नकार देतंय कोण?"

पत्ता, खोली आणि दार

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ. सॉकेट म्हटलं की आपल्याला इस्त्रीची पिन लावायची जागा आठवते. नेटवर्कमधलं सॉकेटही जोडणीचंच टोक असतं. ते जोडायला दोन गोष्टी लागतात. पहिली आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इमारतीचा पत्ता. दुसरी पोर्ट नंबर, म्हणजे त्या इमारतीतल्या खोलीचा नंबर. सुरक्षित वेबसाईटची खोली सहसा ४४३ नंबरची असते. त्या खोलीत कोणी कान देऊन बसलेलं असेल, तरच दार उघडतं.

मग दोघांत फोनवरच्या हॅलोसारखा संवाद होतो. "आहात का?" "आहे, माझं ऐकू येतंय का?" "येतंय." या तीन पायऱ्या झाल्या की जोडणी पक्की.

नुसत्या नावाने मात्र भागत नाही. हुडको म्हटलं की आम्हाला भिलाई दिसते, पण छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या वाचकांना आपापलं हुडको आठवेल. इंटरनेटवरही तसंच. वेबसाईटचं नाव आपल्यासाठी असतं, मशीनला नंबर लागतो. नावावरून नंबर शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात.

नकार कोण देत होतं?

भावाने सर्व्हरचा पत्ता तपासला आणि कपाळावर हात मारला. लाईट गेल्यावर राऊटर बंद पडला होता. परत सुरू होताना त्याने घरातल्या उपकरणांना नव्याने पत्ते वाटले. सर्व्हरचा जुना पत्ता आता बाबांच्या फोनला मिळाला होता! बिचारा फोन प्रामाणिकपणे सांगत होता, "या खोलीत कोणी राहत नाही."

पत्ता दुरुस्त केला. आता 'टाइम्ड आउट' आलं. भाऊ आणखी खचला, पण खरं तर आम्ही पुढे सरकलो होतो. आता नकार नव्हता, शांतता होती. प्रश्न योग्य घरी पोचत होता, पण कोणीतरी तो दारातच अडवत होतं. तो होता सर्व्हर लॅपटॉपचा फायरवॉल, म्हणजे अनोळखी माणसाला आत न सोडणारा चौकीदार. तो कसलंही उत्तर न देता गप्प राहत होता. फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामला परवानगी दिली आणि दुसऱ्या लॅपटॉपवर 'हॅलो' उमटलं. खोडलेला कोड परत लिहिताना मात्र रात्रीचे दोन वाजले.

तुमच्या फोनवरचे संदेश काय सांगतात?

सर्व्हर सापडला नाही: नावावरून नंबर मिळाला नाही. नाव चुकीचं टाईप झालंय का, ते आधी पाहा.

कनेक्शन रिफ्यूज्ड: पत्त्यावर कोणीतरी आहे, पण ती सेवा तिथे सुरू नाही. बहुतेक वेळा दोष त्यांच्या बाजूला असतो.

टाइम्ड आउट: उत्तरच आलं नाही. तुमचं नेट कमजोर असेल, तिकडे गर्दी असेल किंवा वाटेत कोणी अडवत असेल.

कनेक्शन रीसेट: जोडणी झाली होती, मध्येच तुटली. पुन्हा प्रयत्न करून पाहा.

सुरक्षित नाही, प्रमाणपत्र चुकीचं: फोनची तारीख आणि वेळ तपासा. ती बरोबर असूनही हाच इशारा आला, तर तिथे पासवर्ड किंवा बँकेची माहिती मुळीच भरू नका.

दोन मिनिटांची तपासणी

१. दुसरी एखादी वेबसाईट उघडा. ती उघडली, तर तुमचं नेट ठीक आहे.

२. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पाहा. चाललं, तर घोळ वायफायच्या बाजूला आहे. वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं म्हणजे फोन राऊटरपर्यंत पोचला, एवढंच. पुढचा रस्ता बंद असू शकतो.

३. त्याच वायफायवर घरातला दुसरा फोन वापरून पाहा. तिथे चाललं, तर तुमच्याच फोनमधलं व्हीपीएन किंवा सेटिंग तपासा.

४. राऊटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा.

आणि कधीकधी दोष खरोखरच आपला नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो? रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच बंद पडलं, ते जवळपास सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आदेशामुळे कंपनीचं अंतर्गत नेटवर्क तुटलं आणि तिच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून गायब झाले. त्या रात्री कितीही वेळा फोन बंद-चालू केला असता, तरी उपयोग नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचं

'टाइम्ड आउट' म्हणजे 'झालं नाही' असं समजू नका. तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोचली असेल, काम झालंही असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. घाईने पुन्हा 'पे' दाबलं, तर पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून आधी व्यवहारांची यादी आणि बँकेचा शिल्लक आकडा पाहा.

युपीआयने पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहारानंतर एका दिवसात आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला, तर बँकेने रोजचे १०० रुपये भरपाई म्हणून द्यायचे असतात. घाबरून नेटवर कस्टमर केअरचे नंबर शोधू नका, तिथे ठग बसलेले असतात. तक्रार अ‍ॅपमधूनच करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन लावा.

आता आमच्या घरी चक्र फिरायला लागलं की बाबा ओरडत नाहीत. चष्मा लावून विचारतात, "नकार आहे की शांतता?" पुढच्या वेळी तुम्हीही बटण दाबण्याआधी संदेश वाचून बघा. आणि हा लेख घरातल्या त्या व्यक्तीला नक्की पाठवा, जी पैसे अडकले की तेच बटण चार वेळा दाबते!