सोळाव्या तारेची गोष्ट

संगमेश्वरच्या एका वाचकाने विचारलं आहे : घरातला डेस्कटॉप २०११ साली असेंबल केलेला, मदरबोर्ड जी४१ चिपसेटचा, रॅम डीडीआर३ प्रकारची, २ जीबी. ब्राउझर उघडला की मशीन अडकतं. म्हणून ४ जीबीची डीडीआर३ स्टिक ऑनलाइन मागवली. स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, पण स्क्रीन काळीच. तीच स्टिक शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मात्र चालते. मग बिघाड कुठे आहे?

बिघाड कुठेच नाही. उत्तर स्टिकच्या लेबलवर आहे. तिथे ‘१आर×८’ असं छापलेलं असेल तर स्टिकवर ८ चिप्स असतात. ‘२आर×८’ असेल तर १६. दोन्ही ४ जीबीच्याच, पण पहिलीतली प्रत्येक चिप ४ गिगाबिटची आणि दुसरीतली २ गिगाबिटची. जी४१ला पहिली ओळखताच येत नाही.

हे समजायला रॅमच्या आत डोकवावं लागतं. इथला एकेक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्यात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा भार गळतो. पोफळीच्या बागेत शिंपणं करणारा शेवटच्या आळ्यापर्यंत पोचतो तोवर पहिलं आळं सुकायला लागलेलं असतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रॅमचंही तसंच. ओळीमागून ओळ भरत सगळी फेरी ६४ मिलिसेकंदांत संपवायची, की लगेच दुसरी सुरू! वीज गेली की शिंपणं थांबतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

आता कुठल्या ओळीत काम आहे हे सांगायचं तर ओळीचा नंबर तारांवरून पाठवावा लागतो. १५ तारांवरून ३२,७६८ वेगवेगळे नंबर पाठवता येतात. २ गिगाबिटच्या चिपमधल्या प्रत्येक बँकेत, म्हणजे चिपच्या प्रत्येक भागात, नेमक्या तेवढ्याच ओळी असतात. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये त्या ६५,५३६ होतात, म्हणजे सोळावी तार हवी. जी४१च्या मेमरी कंट्रोलरकडे पत्त्याच्या ताराच १५ आहेत. शेजाऱ्यांचा बोर्ड नंतरच्या पिढीतला असणार, त्याच्याकडे सोळावी आहे. ‘सर्व मदरबोर्डला चालेल’ असं छापणाऱ्या विक्रेत्यांनी निदान चिप्सची संख्या तरी लिहायला हवी. तेवढ्याने कितीतरी लोकांचे पैसे वाचतील.

एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर ही रचना सुचली ती रॉबर्ट डेनार्ड यांना, १९६६ साली. ते आयबीएममध्ये होते आणि सहा-सहा ट्रान्झिस्टर्सच्या बिटवर काम करत होते. संस्थेतल्याच दुसऱ्या गटाच्या चुंबकीय मेमरीबद्दल त्यांनी ऐकलं. तिचा साधेपणा मनात घर करून राहिला, आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोचावर बसलेले असताना त्यांना ही कल्पना सुचली. जून १९६८मध्ये पेटंट मिळालं. मूरचा नियम आपल्याकडे कॉलेजातल्या मुलांना पाठ असतो, पण ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं तर चिप जास्त तापत नाही, हे १९७४ साली मांडून त्या नियमाला भौतिकशास्त्राचा पाया दिला डेनार्ड यांनीच. एप्रिल २०२४मध्ये ते गेले. आपल्या खिशातल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे त्यांचाच बिट चालतो. त्या मानाने त्यांचं नाव फार कमी घेतलं गेलं.

ते उतरत गेलेलं व्होल्टेज आजही स्टिकवर दिसतं. डीडीआर२ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, तरी खाच वेगळ्या जागी असते, ती याचसाठी. जोर लावून बसवायला जाऊ नका.

आणि आकड्यांचा आवाका बघा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा कॉम्प्युटर १९६०मध्ये कामाला लागला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती : ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. आज ८ जीबीला आपण बेताची म्हणतो, ती त्याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट आहे!

पुन्हा आपल्या डेस्कटॉपकडे. नवी स्टिक घेण्याआधी जुनी काढून परत बसवून बघा. शास्त्री-सोनवीकाठच्या पावसाळ्यात संपर्कपट्ट्यांवर मळ धरतो आणि चांगली रॅमही मुकी होते. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे, पण पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो खरवडला जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस बरा.

विंडोज ३२ बिटांची असेल तर ४ जीबीपुढची रॅम तिला वापरताच येत नाही. ६४ बिटांची लागेल. त्यातच विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अटींत हे मशीन बसत नाही, म्हणून मी लिनक्स मिंट सुचवेन. जास्त मेगाहर्ट्झच्या, रंगीत पत्रा चढवलेल्या ‘गेमिंग’ रॅमवर पैसे घालू नका. वेग बोर्ड ठरवतो. उरलेल्या पैशांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, तो फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

सध्या मेमरी महाग आहे. कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तुमच्या बोर्डसाठी ‘२आर×८’च्या ४ जीबीच्या, १६ चिप्सच्या दोन जुन्या स्टिक्स रत्नागिरी-चिपळूणच्या दुरुस्तीवाल्यांकडे विचारा. जाताना तुमची सध्याची स्टिक सोबत न्या. घरी आल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या, आणि सकाळी एक जरी चूक दाखवली तरी स्टिक बदलून घ्या. परत घेण्याची बोली पैसे देण्याआधीच करून ठेवा.