फोटो आला, पण नावं कुठं गेली? पेनड्राइव्हवर गळणाऱ्या माहितीची गोष्ट

कुंभारवाडा (जोयडा) : काळी नदीवर सुपा धरण झाले आणि जुने सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापितांतले अनेक जण रामनगरला वसले. त्या काळचा एखादा फोटो कपाटातून निघाला, की माणूस आधी तो उलटून बघतो. मागे कुणी नाव लिहिलंय का?

आता समजा, गोव्यात नोकरीला असलेल्या कुंभारवाड्याच्या एका मुलाने घरचे असे फोटो स्कॅन केले. आपल्या मॅकबुकवर एकेका फोटोला 'सुपा बाजार', 'आजोबांचं घर' असे टॅग लावले आणि पेनड्राइव्ह बेळगावच्या मामांना दिला. मामांच्या विंडोजवर फोटो झकास उघडले, टॅग मात्र एकही नाही. फाइल बिघडलेली नाही, व्हायरसही नाही. मग नावं गेली कुठं?

फाइलीची पाठ

कागदी फोटोसारखी कॉम्प्युटरच्या फाइलीलाही पाठ असते. समोर मजकूर किंवा चित्र, मागे चिकटवलेली जादा माहिती. मॅक आणि लिनक्सवर तिला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, तर विंडोजच्या एनटीएफएसमध्ये अल्टरनेट डेटा स्ट्रीम. एनटीएफएस 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आले. मॅकच्या फाइलींना तेव्हा दोन भाग असत. ते दोन्ही विंडोजच्या सर्व्हरवर ठेवता यावेत, म्हणून ही सोय केली गेली.

ही पाठ फाइलीच्या आत नसते. ती डिस्कची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, सांभाळते. बाजारातले पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट असतात आणि त्यांत अशा पाठीला जागाच नाही. त्यामुळे कॉपी करताना समोरची बाजू जाते, मागची राहते. विंडोज कधी कधी 'गुणधर्मांशिवाय कॉपी करायची का?' असे विचारते. आपण न वाचताच 'होय' दाबतो.

मॅक थोडी धडपड करतो. अशा पेनड्राइव्हवर तो मागची माहिती वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवतो. तिचे नाव टिंब आणि अधोरेषेने सुरू होते. विंडोजवर हा कचरा वाटतो आणि लोक तो पुसतात. न पुसता पेनड्राइव्ह परत मॅकला लावला, तर टॅग पुन्हा दिसतात.

मापही जुळत नाही

दोन्ही बाजूंना पाठ असली, तरी ती सारखी नसते. एनटीएफएसची स्ट्रीम मूळ फाइलीपेक्षाही मोठी असू शकते. लिनक्सच्या एक्स्ट4 मध्ये मात्र एका फाइलीच्या अ‍ॅट्रिब्यूटना साधारण 4 केबी एवढीच जागा मिळते. लिनक्स सर्व्हरवर विंडोजच्या फाइली ठेवायला सांबा वापरतात. सांबा स्ट्रीम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवू शकतो, पण मोठी स्ट्रीम तिथे मावत नाही.

धोक्याची खूणही गळते

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीच्या पाठीवर विंडोज 'ही बाहेरून आली' अशी खूण ठेवते. वर्ड अशी फाइल आधी फक्त वाचण्यापुरती उघडतो, तो या खुणेमुळेच. तीच फाइल फॅट32 पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली, की खूण जाते आणि हा इशाराही येत नाही. रेंज नसलेल्या गावांत फाइली हातोहात फिरतात. तिथे हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग करायचं काय?

सगळ्यात भक्कम उपाय साधाच आहे. नाव फाइलीच्याच नावात लिहा : 'सुपा-बाजार-आजोबा'. ते कुठल्याही डिस्कवर टिकते. सोबत साध्या टेक्स्ट फाइलीत यादी ठेवा : कुठला फोटो, कोण, कुठलं गाव.

जेपीजी फोटोच्या आत लिहिलेली माहितीही फाइलीबरोबर जाते. विंडोजमध्ये 'प्रॉपर्टीज'च्या 'डिटेल्स'मध्ये ती लिहिता येते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

दोन्हीकडे विंडोज असेल तर पेनड्राइव्ह एनटीएफएस करता येतो. मॅक मात्र तो वाचतो, त्यावर लिहीत नाही. लिनक्सवर आरसिंकने कॉपी करताना अ‍ॅट्रिब्यूट नेण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

आणि मूळ फाइल पुसण्याआधी कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून नावं आली का ते बघा. फोटो पुन्हा स्कॅन करता येईल. नावं सांगणारं माणूस तोवर घरात असेलच असं नाही.